पुढे जाणारी रोवणी खुर्ची

३० जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. तरी अक्षर सुवाच्य ठेवतो आहे, पुढेमागे कुणाला चरित्र लिहावंसं वाटलं तर अडायला नको.

नववीचा ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ याही वर्षी माझ्याकडे. स्टाफरूममध्ये कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणजे कुणाची लायकी नव्हती. हेडमास्तर इंद्रकुमार सरांनी मात्र भर मिटिंगमध्ये सुनावलं की कटरेजी, इस बार तालुक्याच्या प्रदर्शनात आपलं मॉडेल सिलेक्ट झालं नाही तर विषय बंद. तुमचे पिरियड गणिताला आणि लॅबमध्ये पोषण आहाराचा तांदूळ.

एकोणीस वर्षं पोरांकडून कागदी फुलं आणि काडेपेट्यांची घरं करून घेतली. दोन वर्षांपूर्वी ही खोली मिळाली. दारावर माझं नाव आहे. ती तांदळाला देणार नाही म्हणजे नाही.

३ जुलै, गुरुवार
डिझाइनच्या पाच पायऱ्या लिहून दिल्या. पहिली पायरी: वापरणाऱ्याला विचारा. प्रत्येकी पाच वेळा लिहून आणायला सांगितलं. विक्कीने तीनदाच लिहिलं. उभा केला.

पोरं सेन्सर मागत होती. दिले नाहीत. दोन वर्षांत आपला एकही सेन्सर हरवला नाही, एकही बिघडला नाही, कारण एकाही पेटीचं सील फोडलेलं नाही. असा रेकॉर्ड तालुक्यात दुसरा नसेल. पण याचं कौतुक कोण करणार?

८ जुलै, मंगळवार
गावात धानाचे रोवणे लागले. वर्ग अर्धा रिकामा. रिकाम्या बाकांकडे बघता बघता सुचलं!

स्मार्ट रोवणी खुर्ची. बाया दिवसभर चिखलात वाकून धान रोवतात, कमरा धरतात. त्यांनी बसून रोवावं. खाली चाकं, वर छत्री, पुढे सेन्सर. दोन रोपांतलं अंतर चुकलं की बीप. रोवत जायचं, खुर्ची पुढे सरकत जाणार.

कुणाला विचारायची गरज नाही. आमच्या स्वतःच्या धानाच्या बांध्या आहेत. शेती धाकटा भाऊ हेमेंद्र पाहतो, पण मी चाळीस वर्षं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री धरून रोवणा पाहत आलो आहे. धुऱ्यावरून सगळंच दिसतं.

११ जुलै, शुक्रवार
रविता मडावी. डोकं आहे, पण तोंडही आहे. तिची आई तुलसाबाई आमच्याच बांधीत रोवण्याला येते.

भर वर्गात विचारलं की सर, रोवणारी बाई तं मागंमागं जाते, मंग खुर्ची पुढं काऊन? मी शांतपणे सांगितलं की मागे जाणं हाच मागासलेपणा आहे, तंत्रज्ञान माणसाला पुढे नेतं. तर म्हणे, पुढं गेलं तं आत्ताच रोवलेलं चाकाखाली येईन नं. वर्ग हसला. हा प्रश्न चौथ्या पायरीत येतो, असं सांगून तिला खाली बसवलं.

वर्ग का हसला हे कळलं नाही.

१५ जुलै, मंगळवार
रविताने आईला आणि सहा बायांना विचारून वहीची चार पानं भरून आणली. म्हणे कमर दुखतेच, पण गडी पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या फेकतात त्या हाताशी पडत नाहीत. प्रत्येक वेळी चिखलातून पाय उपसत जाऊन आणाव्या लागतात, त्याचाच तरास जास्त.

गृहपाठ आकृतीचा होता, गप्पांचा नव्हता. लाल पेनने शेरा दिला: विषयांतर.

१८ जुलै, शुक्रवार
रविताला खुर्चीच्या टीममधून काढलं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: नकारात्मक दृष्टिकोन. तिच्या जागी खुशबू. चित्रं छान रंगवते आणि प्रश्न विचारत नाही.

रविता बरं सर म्हणून निघून गेली. चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही. मुलांना धक्का उशिरा बसतो.

२३ जुलै, बुधवार, दुपारी २
खुर्ची तयार! कॉम्प्युटर रूममधली फिरती खुर्ची, जुन्या सायकलची दोन चाकं, वेल्डिंग सालेकशाहून करून आणलं. सेन्सरचं पहिलं सील मी स्वतः फोडलं. पोरांना चार हातांवरून पाहू दिलं.

लॅबमध्ये टाइल्सवर खडूने ओळी आखून चाचणी घेतली. लोण्यासारखी सरकली. विक्कीने विचारलं की सर, चिखलात कवा चालवू? चिखल आणला तर टाइल्स खराब होतील. तत्त्व सिद्ध झालं, तेवढं पुरे. इंद्रकुमार सरही येऊन बसून गेले. उठताना त्यांची पँट अडकली, पण ते पँटमुळे.

२६ जुलै, शनिवार
निवड समिती प्रत्यक्ष वापर बघणार आहे. हेमेंद्रकडे एक बांधी मागितली. तो म्हणाला की दादा, पयले तू खुद उतरून पाह्य, चिखल किती हाय ते. मी म्हटलं, मी कायले उतरू? डॉक्टर काय स्वतः गोळी खाऊन बघतो?

येताना बांधीत निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा अर्धा तुकडा पडलेला दिसला. लोक कचरा कुठेही टाकतात.

२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
आज अक्षर सुवाच्य नाही, दुर्लक्ष व्हावं.

समितीच्या रीता मॅडम अकराला आल्या. मी धुऱ्यावरून माहिती दिली. तुलसाबाईला खुर्चीत बसवलं. ती नको नको म्हणत होती. चार रोपं रोवून झाली आणि मी ‘पुढे’ असं सांगितलं. खुर्ची पुढे गेली. रोवलेली चारही रोपं चाकाखाली गेली. मग खुर्ची खाली गेली, सीटपर्यंत. सेन्सर चिखलात शिरून बीप बीप करत राहिला, थांबेचना. छत्री तेवढी वर. तुलसाबाई उतरली आणि म्हणाली की गुरुजी, माहा काही नाही, पण हे काहाडाले चार गडी लागतीन. हेमेंद्र सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला.

चूक चिखलाची होती. एवढा खोल चिखल कुठल्याच पुस्तकात नाही.

मॅडमचं लक्ष मात्र पलीकडे. तोच निळा ड्रम. उभा चिरलेला, त्यात पेंढ्या भरलेल्या, एका बाईच्या कमरेला पट्ट्याने बांधलेला. बाई मागे सरकली की ड्रम तिच्यासोबत चिखलावरून घसरत येत होता. हात लांबवला की पेंढी. मॅडमने कुणी केलं विचारलं. तुलसाबाई म्हणाली, माह्या पोरीनं.

रविता धुऱ्यावर होतीच. तिने सांगितलं की आधी दोरी लावली तं कमरेले रुतत होती, मंग पोत्याचा रुंद पट्टा शिवला. ड्रमची कोर पायाले लागे, ते घासली. पाणी साचे, म्हणून खाली भोकं पाडली. मॅडम चप्पल काढून चिखलात उतरल्या. पाऊण तास तिथेच होत्या.

त्यात एकही सेन्सर नव्हता.

४ ऑगस्ट, सोमवार
रविताचं मॉडेल जिल्ह्याला सिलेक्ट. इंद्रकुमार सरांनी पेढा दिला. विषय राहणार, खोली राहणार, तांदूळ व्हरांड्यात.

शांतपणे विचार केला. माझा विषय, माझा वर्ग, माझी विद्यार्थिनी. म्हणजे निवड कुणाची झाली? तिला टीमबाहेर ठेवून स्वतंत्र विचार करायला लावणं, ही पद्धत मी बहुधा नकळत वापरली. यावर एक लेख लिहावा.

६ ऑगस्ट, बुधवार
जिल्ह्याचा फॉर्म आला. त्यात एक नवा रकाना: ‘मार्गदर्शक शिक्षकांनी नेमकी काय मदत केली?’ विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, शिक्षकाने खाली सही करायची. आठ ओळींची जागा. रविताला चार मुद्दे तोंडी सांगितले होते. तिने मान हलवली होती.

मधल्या सुट्टीत फॉर्म टेबलावर ठेवून गेली. वाचला. ‘सरांनी मला टीममधून काढले. त्यामुळे शाळा सुटल्यावर बांधीत जायला वेळ मिळाला. टीममध्ये असते तर मी पण खुर्चीच केली असती. सरांचे आभार.’

शुद्धलेखनाची एक तरी चूक सापडते का पाहिलं. नाही सापडली. तिला बोलावलं, असं लिहितात का म्हणून विचारलं. तिने विचारलं की सर, यात खोटं हाय का? तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, नाही. मग विचारलं की अजून जागा आहे, आणखी काही आठवतं का? तिने फॉर्म पुन्हा वरून खाली वाचला. खरंच आठवत होती बिचारी. मग म्हणाली, नाही आठवून रायलं सर.

वाईट वाटलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत एवढं वाईट वाटलं नव्हतं.

चार ओळी रिकाम्या राहिल्या. त्यांच्या खाली सही केली.