टायरातल्या गोगलगाई आणि माझे अळणी ताट

मी, बद्रीनाथ रखमाजी उगले, वय अंदाजे चौसष्ट, धंदा मोटारीच्या टायर-ट्यूबचे पंक्चर काढणे, राहणार शहागड, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, आज माझे हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही की काही पाजलेले नाही. छातीत कळ येते, पण डोके बराबर चालते. माझे थोडेफार शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूत झाले, त्यामुळे मराठी अक्षर हाताला वळत नाही. म्हणून मी बोलतो आणि निवृत्त शिक्षक धर्मराज साळवे गुरुजी लिहितात. कायद्याला नको असलेले मी बोलायला लागलो की गुरुजी लेखणी थांबवून माझ्याकडे बघतात. तेही लिहा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

कलम पहिले. चार वर्षांपूर्वी मी अंबडला जाऊन एक मृत्युपत्र केले होते. त्यात राहते घर माझा भाचा तातेराव, राहणार धावडा, यास दिले होते आणि माझा धाकटा भाऊ पुंजाराम व त्याची पत्नी चतुराबाई यांनी माझ्या मागे घर खाली करावे, असे लिहिले होते. ते मृत्युपत्र मी आज पूर्णपणे रद्द करतो. ते रागाच्या भरात केले होते. राग कशाचा होता हे सांगायची मला लाज वाटते. पण कारण न सांगता रद्द केले तर उद्या तातेराव कोर्टात म्हणेल की म्हाताऱ्याला भावजयीने काहीतरी खाऊ घातले. तेव्हा पुढे कारण येईल.

कलम दुसरे. हमरस्त्याला लागून असलेले माझे दोन खणांचे पत्र्याचे घर, पुढचा ओटा (माझे दुकान त्याला लागूनच आहे), मागचे मोकळे अंगण आणि अंगणातले लिंबाचे झाड, हे सर्व माझ्या पश्चात चतुराबाई व पुंजाराम या दोघांच्या मालकीचे होईल. उताऱ्यावर चतुराबाईचे नाव आधी लावावे. घर माझ्या कमाईचे आहे, दुसऱ्या कोणाचा त्यात हक्क नाही. माझी पत्नी प्रभावती लग्नानंतर लवकरच वारली, मूल झाले नाही आणि मी पुन्हा बाशिंग बांधले नाही. पुंजारामलाही मूलबाळ नाही. ही भिंत मी बांधली, पण ती सारवली, लिंपली, पावसाळ्यात तिच्यावर पोती लावली ती चतुराबाईने. एवढे मला चार वर्षांपूर्वीही दिसत होते.

कलम तिसरे, माझ्या गोगलगाईंबद्दल. इथे गुरुजींनी पहिल्यांदा लेखणी थांबवली.

आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर दिसते ती बारकी गोगलगाय ही नव्हे. हिचे शंख माझ्या मुठीएवढे, तपकिरी पट्ट्यांचे. एकोणसत्तरच्या पावसाळ्यात कलकत्त्याकडून आलेला एक ट्रक पंक्चर होऊन माझ्या दुकानासमोर बसला. चाक काढताना ताडपत्रीच्या घडीत अशा दोन चिकटलेल्या सापडल्या. सरदारजी ड्रायव्हर म्हणाला फेकून दे. मी फेकायला एक उचलली, तर तिने शिंगे बाहेर काढली आणि सावकाश माझ्या अंगठ्याकडे वळवली. दिवसभर हॉर्न, हवा आणि शिव्या ऐकणारा माणूस मी. मला बरे वाटले. पाळण्याचे कारण एवढेच आहे, याहून मोठे कारण माझ्याजवळ नाही.

जुना टायर मधून कापून त्याच्या पन्हाळीत नदीकाठची ओली माती भरली, वर जाळी बांधली आणि टायर घराच्या पुढच्या खणात ठेवला. खायला काकडी, दोडक्याची साल, कोबीची पाने. शंख मजबूत व्हावा म्हणून पानाच्या डब्यातला वाळलेला चुना आणि अंड्याची टरफले. यांच्यात नर-मादी वेगळे नसते, दोघीही मातीत अंडी घालतात, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी आणि तशीच पांढरी. त्यातून पिले निघाली. पुढे त्यांच्यातल्या फिक्या अंगाच्या निवडून मी वेगळ्या टायरात ठेवू लागलो, तर त्यांची पिलेही फिकी निघाली. पहिल्या दोघींपैकी मोठीला मी थोरली म्हणत असे. समोरच्या एसटी स्टँडवर मला गोगलगाय बद्री म्हणू लागले. शेजारचे चहावाले सर्जेराव काळे बसमधल्या लोकांना ‘चला, आफ्रिकेचं जनावर दाखवतो’ म्हणून उतरवत आणि आधी चहा पाजत. मला त्यातला अर्धा कपही फुकट मिळाला नाही. हे लिहिताना सर्जेराव साक्षीदार म्हणून समोरच बसलेले आहेत आणि छपराकडे बघत आहेत.

आता चतुराबाईबद्दल. आमच्यात भावजय भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडत नाही. तिला लग्न होऊन वीस वर्षांवर झाली, पण तिचा चेहरा मी नीट पाहिलेला नाही. तिला काही सांगायचे असले की ती दाराआडून पुंजारामला उद्देशून बोलते आणि मी ऐकतो. पुंजाराम घरात नसला तर ती भिंतीला उद्देशून बोलते. बहात्तरच्या दुष्काळात लोक खडी फोडायला जात होते, रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली ढकलत होते, आणि मी टायरांपुढे बसून होतो, याचीही मला लाज वाटते. त्या उन्हाळ्यात गोगलगाई शंखात गेल्या आणि तोंडावर पांढरा पापुद्रा धरून बसल्या. मी समजलो, मेल्या. तेव्हा दाराआडून आवाज आला, “त्यांना म्हनावं, मेल्या न्हाईत, झोपल्यात. फेकू नका.” ती भांडी धुतलेले पाणी वाया न घालवता रोज टायरांवरच्या गोणपाटावर शिंपडत होती. माझ्या गोगलगाई तिने जगवल्या.

त्र्याहत्तरच्या श्रावणात बसमधून उतरलेली एक बाई थोरलीकडे बघून फार वेळ उभी राहिली. केवढी ही, किती अंडी घालते, असे दोन-तीनदा म्हणाली. त्यानंतर काही पिले मेली. मग एका सकाळी मी जाळी उघडली तर थोरली पालथी पडलेली, शंखातून फेस निघालेला. आयुष्यभर मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत आलो आहे. तसेच बारीक बुडबुडे तिच्या अंगातून येऊन वाळले होते. मातीवर खडेमिठाचे दाणे होते. मिठाने गोगलगाय विरघळते हे मला ठाऊक होते. घरात मिठाच्या बरणीला हात लावणारी एकच बाई होती.

मी थोरलीला तळहातावर घेऊन ओट्यावर आलो. स्टँडवर परभणीची बस उभी होती. भरल्या बससमोर मी दाराकडे तोंड करून ओरडलो, “पोटी लेकरू न्हाई म्हनून दुसऱ्याचं वाढलेलं बघवत न्हाई हिला. मीठ टाकून मारली.” मला स्वतःला लेकरू नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. चतुराबाई चौकटीत उभी होती. तिने पदर आणखी खाली ओढला आणि आत गेली. ती काही बोलली नाही म्हणून मी समजलो, गुन्हा कबूल केला. भासऱ्याला उलटून बोलायची तिला सोय नव्हती, हे मी विसरलो. गुरुजी, ‘विसरलो’ खोडा. मला माहीत होते. तिला सोय नसल्याचा मी फायदा घेतला.

त्याच दिवशी मी सांगितले की हिच्या हातचे मीठ मी यापुढे खाणार नाही. माझे कालवण वेगळे, अळणी काढायचे. दुकानात पत्र्याच्या डब्यात मी माझे मीठ ठेवले आणि ताट आले की चिमटीने वरून टाकू लागलो. तेव्हापासून आजपर्यंत ती माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात अळणी शिजवते आणि पुंजाराम ते ताट दुकानात आणून देतो. गावात कोणाच्या घरी पाहुणा गेलो तरी मी हे मोठेपणाने सांगत असे. पुढच्याच आठवड्यात अंबडला जाऊन ते पहिले मृत्युपत्र केले.

यंदा आषाढात मी छातीच्या दुखण्याने पुढच्या खणात, टायरांशेजारी, आडवा झालो. दिवेलागणीला डोळे किलकिले ठेवून पडलो होतो. झोपलोय असे समजून चतुराबाई आत आली. तिच्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या होत्या. तिने माझी दृष्ट काढली, पायापासून डोक्यापर्यंत, पुटपुटत, आणि मूठ चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका बिलकुल उठला नाही, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, “लई लागल्ती.” मग ती टायरांकडे वळली. आधी मिठाचे भांडे उचलून दूर फळीवर ठेवले. हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग नुसत्या मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन चौकटीबाहेर उभे राहून, लांबूनच गोगलगाईंवरून ओवाळल्या.

मी डोळे पुरते उघडले नाहीत. उघडायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजारामला विचारले. तो म्हणाला, “बसवाल्या बाईची नजर लागली म्हनून तिनं थोरलीची दृष्ट काढल्ती, दादा. मुठीतलं मीठ सांडलं. तिला काय ठावं, मिठानं मरती म्हनून. तिनं तवाच रडून सांगितलं मला.” तू मला का नाही सांगितलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, “तुमी ऐकून घेनार होते का?”  मी ऐकून घेतले नसते.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिला काही बोलू शकलेलो नाही. भासऱ्याने भावजयीशी समोरासमोर बोलायचे नसते, अशी मी मनाची समजूत घातली. भरल्या बससमोर ओरडताना ही रूढी आडवी आली नव्हती, माफी मागताना बरोबर आडवी येते. अळणी ताटही मी तसेच चालू ठेवले, कारण ते बंद कर म्हणायचे तर का, तेही सांगावे लागले असते.  

तेव्हा सर्व गोगलगाई, त्यांचे टायर आणि जाळ्या मी चतुराबाईस देतो. तिला नको असतील तर तिने त्या कोणाला द्याव्यात किंवा गुरुजींच्या सल्ल्याने त्यांची व्यवस्था लावावी, मात्र नदीकाठी सोडू नयेत, कारण त्या लोकांच्या वाड्या खाऊन टाकतील. जास्तीची अंडी मी उकळत्या पाण्यात टाकत आलो आहे. ते काम पुंजारामने करावे, चतुराबाईला सांगू नये.

कलम चौथे. जॅक, टॉमीची कांब, पाने, हवेचा पंप, ट्यूब तपासायचा पाण्याचा हौद आणि दुकानाची जागा पुंजारामला. पोस्टातली शिल्लक दोघांना. माझी सायकल तातेरावला द्यावी. त्याला घराची आशा मी लावली होती, त्याची चूक नाही. दुकानापुढचे बाकडे सर्जेरावांना मी आजच देऊन टाकले, ते या मृत्युपत्रात धरू नये; बसमधले लोक नाहीतरी त्यांचाच चहा त्याच्यावर बसून पीत होते.

कलम पाचवे. दुकानातला मिठाचा पत्र्याचा डबा चतुराबाईच्या हातात द्यावा.

कलम सहावे. माझ्या मरणानंतर हे मृत्युपत्र याच ओट्यावर, परभणीची बस उभी असताना, मोठ्याने वाचून दाखवावे. जे बससमोर बोललो ते बससमोरच परत घेतले जावे. यावर साक्ष म्हणून चतुराबाईचा अंगठाही घ्यावा, असे माझ्या मनात होते. पण ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे गुरुजी म्हणाले.

इथवर लिहून झाल्यावर गुरुजींनी चष्मा काढला आणि विचारले, “बद्रीनाथराव, हे तुमी कोर्टासाठी लिहून राह्यले का तिच्यासाठी?” मी म्हणालो, दोघांसाठी. ते म्हणाले, कोर्ट थांबेल. मग मी कलम सहावे बदलले, मरणाची वाट न बघता आजच वाचायचे ठरवले. परभणीची बस येऊन लागली तेव्हा गुरुजींनी हा कागद पहिल्या शब्दापासून ओट्यावर उभे राहून वाचला. मी बाकड्यावर खाली मान घालून बसलो होतो. पुंजाराम शेजारी होता. चतुराबाई दाराच्या आत होती. बससमोर वाचले जात असताना मला जी लाज वाटली ती मी कागदावर उतरवू शकत नाही.

वाचून संपले, बस गेली. पुंजाराम तिथेच बसलेला असताना दाराआडून आवाज आला. या वेळी तो पुंजारामसाठी नव्हता, भिंतीसाठीही नव्हता.

“दादा, आज कालवनात मीठ टाकू का?”

मी म्हणालो, टाक, बाई. गुरुजींनी ते लिहून घेतले आहे, आणि खाली माझी सही ही त्यानंतरची आहे.

सही : बद्रीनाथ रखमाजी उगले (उर्दूत)

लिहिणार : धर्मराज साळवे, निवृत्त शिक्षक

साक्षीदार :
१. सर्जेराव काळे, चहाचे हॉटेल, शहागड
२. वसंता खरात, शेती, शहागड

ठिकाण : शहागड, दुकानाचा ओटा
दिनांक : ११ सप्टेंबर १९७७, दुपारच्या जेवणाआधी