ठिणगीची दांडी

बाबा, तुमच्या मोटारीबद्दल एकदा खरं लिहायचं म्हणून बसलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली.

मुंबईला शेठच्या नव्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो, आणि सुट्टीत घरी आलो की तुमच्या मोटारीला नावं ठेवायचो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! शेठची गाडी चावी फिरवली की चालू, चारी काचा वर चढणाऱ्या, भर पावसातही आतला माणूस कोरडा. तुमची कापडी टपाची, लढाईच्या आधीची. पुढे वाकून हँडल मारावं लागे, आणि कट्टा गावाच्या वाटेवरचा चढ चढली की तिला पाणी पाजायला उतरावं लागे. तुम्ही बोनेटवर फडकं फिरवत ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, चावी दिवन घड्याळ चलता रे, मोटार नाय. मालवण-कट्टा भाड्याच्या खेपा करताना तिने तुम्हाला कधी वाटेत टाकलं नाही, हे मात्र तुम्ही बोलून दाखवलं नाहीत. मला ते ठाऊक होतं, तरी मी हसायचो.

कुणकेश्वरच्या जत्रेची ती सकाळ. माणसं मागे दाटीवाटीने बसलीत, आई नारळांची पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवता आणि हँडल घेऊन पुढे जाता. स्टिअरिंगखालची ठिणगीची दांडी चालू करताना वर सारायची, नाहीतर इंजिन झटका देतं आणि हँडल उलटं फिरून हातावर बसतं, हे तुम्ही मला मिसरूड फुटायच्या आधीच शिकवलं होतं. शेठच्या गाडीला असली दांडीच नव्हती. तीन वर्षांत ती माझ्या डोक्यातून पार गेली. दांडी खालीच राहिली, तुम्ही हँडल मारलंत आणि तुमचं मनगट मोडलं. तुमच्याकडे धावण्याआधी मी दांडी वर सारली. तेवढं बरं सुचलं मला!

तुम्ही धुळीत बसलात, हात पोटाशी धरून. "दांडी वर होती मा रे?"

मी म्हटलं, "होय."

हाड वाकडं बसलं. बोटं मिटेनात, स्टिअरिंग धरवेना, जेवणसुद्धा डाव्या हाताने. दुसऱ्या कुणाला तरी मोटार चालवायला देऊ म्हटलं, तर म्हणालात, मालकाचो हात मोडलेली गाडी दुसऱ्याक देव नये. खारेपाटणहून भंगारवाली माणसं आली, घण घालून त्यांनी तिचे तुकडे केले, आणि तुम्ही आत भिंतीकडे तोंड करून पडून होतात. मी एक शब्द बोललो असतो तर मोटार वाचली असती. नाही बोललो. त्यानंतर तुम्ही घरात कुणाशी धड बोलला नाहीत, आणि मी सुट्टी संपायच्या आधीच मुंबईची वाट धरली.

तुमच्या शेवटच्या आजारात मी पेज घेऊन येत होतो, तेव्हा तुम्ही आईला सांगत होतात, "गाडयेनच दगो दिल्यान. झील माझो खोटा बोलाचो नाय."

मी, तुमचा झील, दाराबाहेर उभा राहिलो. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहितो. मला तेव्हा रडू आलं नाही, बाबा. सुटल्यासारखं वाटलं.