परिषदेची खरकटी बादली

बोस्तेरी, २२ सप्टेंबर

तुर्दुबेक, सलाम!

गुरंढोरं, घोडी, मुलंबाळं, ऊलकान वहिनींचे गुडघे, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. तू माझा आचारी पळवलास तेव्हापासून आपण बोलत नाही, हे माझ्या लक्षात आहे. तरी लिहितोय. एक गोष्ट तुझ्या कानावर जायला हवी आणि ती माझ्या तोंडून निघता कामा नये, असा पेच पडलाय. म्हणून आधी इकडची खबर घे.

आमच्या हॉटेलात हिमनद्यांवाल्या शास्त्रज्ञांची परिषद झाली. साधी नव्हे, हिरवी! पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या बंद, पाहुण्याने सांगितल्याशिवाय चादर धुवायची नाही, आणि रोजचं खरकटं तराजूवर तोलायचं. शेवटी हिशोब बरा निघाला तर परिषद दर वर्षी आमच्याकडेच, म्हणजे उन्हाळी पाहुणे गेले की हॉटेलला कुलूप ठोकायला नको. सगळं माझ्या बेगिमाईने जमवून आणलं. चादरींचं मला लगेच पटलं. मीही घरी सांगितल्याशिवाय चादर बदलत नाही.

जेवणाचं मात्र पटेना. बेगिमाईने बजावलं होतं, "बाबा, थोडं थोडंच मांडायचं. हवं त्याने परत घ्यायचं." मी मान डोलावली आणि गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, नेहमीसारखं होऊ द्या. अरे, ताटांमधून दस्तरखानाचं कापड दिसलं तर पाहुण्याला तोंड कसं दाखवायचं? तळलेल्या बोर्सोकांचे ढीग, मुरंबे, जर्दाळू, मटणाची ताटं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी बादल्या भरून वाहिल्या. बेगिमाई तराजूपाशी उभी होती.

"बाबा, तुम्हाला परिषद हवीय की वाहवा?"

"दोन्ही," मी म्हणालो. तिने वजनाची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

दुसऱ्या दिवशी मी हात आखडता घेतला. लगेच नारीनचे म्हातारे प्राध्यापक इसाकुल मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "मेदेरबेक, लपवू नकोस. हॉटेल बुडालं का? आम्ही वर्गणी काढतो." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेगिमाई आणि मी अंगणात भांडत होतो. मी म्हटलं, आपल्या घरी भरल्या ताटाने अन्न वाया जातं का? उठताना जो तो आपल्या वाट्याचा केशिक बांधून नेतो, घरची पोरं तो आशीर्वाद म्हणून खातात. ती म्हणाली, "हे लोक केशिक बांधून कुठे नेणार? खोली क्रमांक सातमध्ये?" तेवढ्यात वरून आवाज आला. छपरावरचा सौर बंब बिघडला होता, तो दुरुस्त करायला एक जण चढला होता. तो म्हणाला, "पाहुण्यांची घरं लांब आहेत, गावातली तर जवळ आहेत ना? शास्त्रज्ञाच्या हातचा केशिक कुठली आई सोडेल?"

बेगिमाई वर बघून हसली. मग तिनेच गावभर निरोप धाडला.

संध्याकाळी फाटकाशी ही गर्दी! पाहुण्यांनी ताटांतलं न शिवलेलं अन्न रुमालांत बांधून आपापल्या हाताने पोरांना दिलं. सगळ्या आयांना इसाकुलांचाच हवा. "माझं पोरगं गणितात कच्चं आहे, मला आधी!" जर्मनीहून आलेल्या बाईंचा कोणीच घेईना, त्या खट्टू झाल्या. शेवटी मीच हात पुढे केला. या वयात हुशार झालो तर झालो. बादलीत उरली ती कुत्र्यापुरती हाडं. परिषद आपली झाली, आणि माझं दस्तरखानही भरलेलं राहिलं.

आता ऐक. तो बंब त्याच दिवशी दुरुस्त झाला होता. दुरुस्त करणारा मात्र परिषद संपेपर्यंत रोज पलीकडच्या काठावरून तळ्याला वळसा घालून येत राहिला. तू ओळखलं असशीलच. तुझा कुबात.

मी त्याला विचारलं, "घरी बोललास का?" तो म्हणाला, "वडील तुमचं नाव काढू देत नाहीत." इकडे परिषदवाल्यांनी बेगिमाईला बिश्केकला नोकरी देऊ केलीय. शुक्रवारी उत्तर द्यायचंय. ती बॅग भरते, परत रिकामी करते आणि फाटकाकडे बघत बसते.

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला मी नाही. पण मुलीच्या बापाने पहिला शब्द टाकायचा नसतो, हे तूही जाणतोस. म्हणून मी काहीही लिहिलेलं नाही. इतकंच कळवतो की बेगिमाईने आपले डूल काढून ठेवलेत, तिचे कान रिकामे आहेत. ऊलकान वहिनींकडे तुझ्या आईची चांदीची जोडी आहे म्हणे. मुलाच्या आईने आपल्या हाताने ती कानांत घातली की सोयरीक झाली, त्याला मेंढरू कापावं लागत नाही. आचारी तुलाच लखलाभ. तुम्ही दोघं नुसते या. शुक्रवारच्या आत या.

पत्राखाली 'तुझा मित्र' असं लिहिलं होतं, ते खोडलं. त्याहून जवळचा शब्द मनात आहे, पण तो आधी तू उच्चारायचास. तोवर नुसताच,

मेदेरबेक