आखूड बाही

१२ एप्रिल

चि. डावऱ्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र हातात पडेल तिथे उभ्या उभ्या दोन ओळी लिहून टाक. बाकीचं मागाहून वाच.

कालच्या पेपरात तुमच्या नगरपालिकेसमोरचा फोटो आलाय. एक माणूस रस्त्यावर आडवा, त्याच्यावर काठ्या उगारलेल्या, आणि मागे पोलीस हाताची घडी घालून उभे. त्याने एक हात तोंडावर घेतलाय, त्यामुळे चेहरा दिसत नाही. पण मोठ्या चौकड्यांचा शर्ट दिसतो, आणि खिसा उजवीकडे. अरे, उजवीकडे खिसा मी तुझ्याशिवाय कुणाला शिवलाय का? गेल्याच महिन्यात पाठवला तो.

नळाला घाण पाणी येतं, शाळेतली मुलं आजारी पडतात, म्हणून रिकाम्या बादल्या घेऊन नुसते बसणार आहोत, असं तू लिहिलं होतंस. नुसतं बसण्याला एवढी मारहाण? तार केली, उत्तर नाही. शाळेतला फोन नुसता वाजतोय. हे निघणार होते, तर तुमच्याकडे संचारबंदी, गाड्या बंद.

वेड लागल्यासारखी भिंग घेऊन बसलेय. दुसरा हात जमिनीवर सरळ पडलाय आणि बाही मनगटाच्या कितीतरी वर. म्हणजे पोराला शेवटचा शर्ट शिवला तोही आखूड, असं मनात आलं आणि मशीनवर डोकं टेकून रडले. शेवटचा म्हणून गेले बघ! जीभ झडो माझी. लिही रे बाबा.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी धडधाकट आहे. हे वाक्य परत एकदा वाच, भावोजींना मोठ्याने वाचून दाखव आणि मग पुढे ये. तार मिळाली नाही. पोस्ट आजच उघडलं.

फोटोतला माणूस म्हणजे लांब्या, माझ्या खोलीतला जोडीदार, दवाखान्यातला कंपाउंडर. तोही वाचलाय. नळाच्या पाण्यात धुतलेले त्याचे सगळे शर्ट पिवळे पडलेत. बोलायला पुढे तोच उभा राहणार होता, म्हणून मी तुझा कोरा शर्ट घडी मोडून त्याच्या अंगात चढवला. बाही त्याला पुरेना, तर म्हणाला, हात मागे धरून बोलेन.

बोलायला मिळालंच नाही. आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो होतो. एवढ्यात टेम्पोतून नगरपालिकेतल्या पुढाऱ्याची माणसं उतरली आणि काठ्या सुरू. मी धावत पोलिसांच्या साहेबांकडे गेलो, हात जोडले. ते म्हणाले, वरून हुकूम नाही. एका शिपायाची मुलगी माझ्या चित्रकलेच्या वर्गात आहे. त्याला हाक मारली, तर त्याने मान खाली घातली. ताई, काठ्यांपेक्षा मला त्या मानेचा राग येतो.

लांब्याला वाचवलं ते बायकांनी. बादल्या डोक्यांवर धरून त्याच्याभोवती कडं केलं आणि हलल्या नाहीत. मग हातगाडीवर घालून त्याला त्याच्याच दवाखान्यात नेलं. डोक्याला टाके पडलेत (तुझ्याइतकी सफाई नाही), डावा हात प्लास्टरमध्ये. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं? ताईंचा शर्ट खांद्यात फाटला, आता त्या काय म्हणतील! डॉक्टर काल म्हणाले, आता काळजी नाही. ते ऐकून मी जिन्यात बसलो आणि पोरासारखा रडलो.

आता पोलीस म्हणतायत, आम्ही नंतर पोचलो. ही आपसातली मारामारी होती. चौकशीला बाहेरून अधिकारी येतायत. आम्ही दोघं साक्ष देणार. घरमालक म्हणतात, कशाला फुकट नसती आफत ओढवून घेता? मी जाणारच आहे, पण तू हो म्हणालीस तर ताठ मानेने जाईन. आणि शर्ट पाठवू का? लांब्याला रफू करून हवाय.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला राग मात्र जरा कमी कर.

तुझा,
डावऱ्या

२० एप्रिल

चि. डावऱ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र आलं. ह्यांना वाचून दाखवायला गेले तर पहिल्याच ओळीला अडखळले, शेवटी ह्यांनीच वाचलं. मी काय केलं असेल? दुकान उघडं टाकून शेजारणीकडे गेले आणि तिच्या गळ्यात पडले. गिऱ्हाईक बिचारं अर्धवट माप देऊन ताटकळत उभं.

हे आता मिशीतल्या मिशीत हसतायत. म्हणे, तुझ्या हातची बाही आखूड कशी होईल, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. तो तू नसशील असं वाटण्याआधी माझंच चुकलं असं वाटलं. हसा मेल्यांनो.

आणि सुटकेचा निःश्वास टाकला तोच मनात आलं, लांब्याच्या आईनेही तो फोटो पाहिला असेल. तिला तर चौकड्या ओळखीच्या नाहीत, तो आपलाच हे तिला कळलंही नसेल. तिला कळवलंस ना? नसेल तर आधी ते कर.

साक्षीचं म्हणशील, तर मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू? पण पोलीस नंतर आले म्हणे! अरे, भिंगातून मी त्यांच्या गणवेशाची बटणं मोजली आहेत. जा. दोघंही जा. माझ्याकडचं पेपरचं पान सोबत पाठवते.

शर्ट मात्र पाठवू नकोस. फाटकं दिसलं की माझा हात सुईकडे जातो, तुला ठाऊक आहे. तो धुऊ नका, त्याला टाका घालू नका. आहे तसा त्या अधिकाऱ्यांसमोर ठेवा. जन्मात पहिल्यांदा सांगतेय, फाटलंय ते फाटलेलंच दिसू दे.

लांब्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सुतळी धर, गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. त्याच चौकड्यांचं कापड शिल्लक आहे. डावी बाही प्लास्टरवरून जाईल अशी सैल ठेवते. खिसा कुठल्या बाजूला, ते त्यालाच विचार.

लोभ आता अर्धा अर्धा वाटून घ्या, भांडू नका.

तुम्हा दोघांची,
ताई