शिवाचा फेटा

रविवार, जानेवारी १९३५. निपाणी, दिवेलागणीची वेळ.

डोकं फिरलंय नुसतं. माझ्या धाकट्या भावाची, शिवाची, आजची पळण्याची शर्यत गेली. संकेश्वरापासून निपाणीपर्यंत मी सायकलवरून त्याच्या मागे होतो, सगळं बघत.

कणगल्यात लोकांनी रस्ता अडवून त्याला फेटा बांधला. पळणाऱ्या माणसाला फेटा! आणि हा मान वाकवून बांधून घेतोय. पुढे घाटाखाली एक म्हातारी ताक घेऊन आडवी आली. "घोटभर घे की रं, लई लांबनं आलाईस." लांबून आलाय, पण त्याला पुढेही जायचंय, हे कुणी सांगायचं? शिवाला नाही म्हणता येत नाही. मी ओरडलो तर माणसं मलाच हसली.

त्याच्या बरोबरीनं पळणाऱ्या, लष्करी कॅम्पातल्या शिपायाला इकडे कुणी ओळखत नाही. त्याला ना फेटा, ना ताक. तो गेला सरळ पुढे.

तरी घाटात शिवानं त्याला गाठलं, फेटा काखेत मारून. निपाणीत शिरताना चार पावलं पुढेच होता. तिथं आमच्या बोळाच्या तोंडाशी आई ओवाळायला ताट घेऊन उभी. शिवा थांबत नव्हता. मीच सायकल टाकली आणि त्याचा दंड धरला.

"आई उभी हाय रं, थांब."

"अण्णा, सोड की," म्हणाला.

निरांजन तीनदा ओवाळून होईपर्यंत मी दंड सोडला नाही. तोवर शिपाई पुढे निघून गेला, तो पुन्हा गाठता आला नाही.

आता आत बसून तो फेट्याची घडी घालतोय.