बॉनेटवरची सुटलेली पट्टी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामीचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

फोन का नाही केला म्हणशील. फोन वाजला की तुझे मामा तो स्पीकरवर टाकतात आणि खुर्ची ओढून बसतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं पत्रलेखन कामी लावलं आहे. समास सोडलाय बघ.

तुझं नवं वर्कशॉप बघायला आम्ही महिनाअखेर येणार, म्हणजे मामा स्वतः गाडी चालवत येणार. गाड्यांच्या रंगात नाव काढलेल्या भाचीच्या दारात मळकी गाडी कशी न्यायची, म्हणून ह्यांनी आपली गडद निळी गाडी घरीच पॉलिश केली. कुणाकडून तरी बफर मशीन मागून आणलं, त्यावर लोकरीचं जाड पॅड चढवलं आणि शिसवी कपाटावर चालवावा तसा हात चालवला. जन्मभर फर्निचरला पॉलिश केलेला माणूस. ह्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात बघून लोक भांग पाडायचे. मी निर्धास्त होते.

सावलीत गाडी आरसा आहे. उन्हात आली तर वेगळीच. अंगभर पिसाऱ्यासारखे अर्धगोल फराटे, आपण हललो की तेही हलतात. शिवाय पुढच्या डाव्या चाकापाशी एक लांब ओरखडा. मामांना फराटे दिसत नाहीत. कशी झालीय म्हणून विचारतात आणि मी छान म्हणते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, सगळी गाडी नव्याने रंगवावी लागेल. तसं झालं तर ह्यांना कळणारच, आणि आपला हात बिघडला हे त्यांना सोसायचं नाही. काही उपाय असेल तर लिही.

लोभ आहेच. गाड्यांच्या गर्दीत त्याला जागा ठेव.
तुझी मामी

६ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि. त्यातलं साष्टांग अगदी खरं, काल दिवसभर एका गाडीच्या दाराशी आडवीच पडले होते.

आधी हे, की रंगवायचं नाव काढू नको. शेजाऱ्यांना म्हणावं, स्वतःच्या भिंती रंगवा. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. जाड पॅड दाबून फिरवलं की त्या थरावर केसासारखे चरे पडतात आणि उन्हात चमकतात. खालचा रंग सुखरूप असतो. मामाने गाडीला लाकडाचा दाब दिला, एवढंच झालंय.

ओरखडा मात्र तपासायला हवा. ओलं बोट फिरव. पाण्याने दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातच आहे. मग नख आडवं ओढ; अडकलं तर खोल गेलाय. तळाशी पांढरं दिसलं तर रंगही गेला, तो भरावा लागेल. नंतर सकाळच्या तिरक्या उन्हात गाडीभोवती फेरी मार आणि फराटे कुठे आहेत तसेच कुठे नाहीत, तेही लिही. मशीनचे फराटे हस्ताक्षरासारखे असतात. माणूस कुठे उभा होता, कुठे दमला, सगळं सांगतात. हे मला मामानेच शिकवलं. सुट्टीत त्याच्या कारखान्यात मला टेबलाच्या कडेला डोळा लावायला सांगायचा आणि विचारायचा, ओळख, जेवून आल्यावर हात कुठून सुरू केला. तो डोळा नसता तर मी आज कुठेतरी पावत्या फाडत बसले असते.

मामाला काही सांगू नको. तुझ्या पुढच्या पत्रावर माझं लक्ष आहे, आणि तुझ्यावर जीव.
भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज ओल्या बोटाने देते आहे.

सकाळी हे अंघोळीला गेले तेव्हा फेरी मारली. आमच्या शिवणाच्या सिस्टर रफू खिडकीशी तिरकं धरून बघायच्या, त्याचा आज पहिल्यांदा राग आला नाही.

ओरखडा पाण्याने लपत नाही, नख अडकतं, तळाशी पांढरं आहे. माझ्या गुडघ्याच्या उंचीला आहे. मामा म्हणतात बाजारात कुणीतरी मारला. पण आपल्या फाटकाशी तो बुटका दगड आहे ना, त्याला निळा रंग लागलाय. मी असेल म्हटलं.

फराटे दारांच्या अर्ध्यापर्यंत आहेत. त्याखाली मशीन लागलेलंच नाही, जुनी धूळ तशीच आहे. कंबर धरत असेल बिचाऱ्यांची. बॉनेटच्या मधोमध फराटेच फराटे, पण दोन्ही बाजूंनी, जिथे माणूस पोट टेकून उभा राहतो, तिथे वीतभर पट्टी कोरी आहे. मागच्या डिकीवरही तसंच. कागदाला समास सोडावा तशी.

बाकी घरी ठीक. मामा हल्ली कप टेबलाच्या कडेवर ठेवतात आणि फोडतात. परवा जिन्याची शेवटची पायरी चुकले. मी म्हटलं, वर बघत चालायचं वय गेलं आता. रागावले. प्रवासाची मात्र लहान मुलासारखी वाट बघताहेत, टायरमध्ये हवासुद्धा भरून आणली.

उत्तर लवकर दे. माझा जीव त्या गाडीभोवती घिरट्या घालतो आहे.
तुझी मामी

१३ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तू माझ्याकडे नोकरीला ये. इतकी स्वच्छ तपासणी माझ्या हाताखालची माणसंही करत नाहीत.

गाडी नक्की सुधारेल. धुऊन, मऊ स्पंजाचं पॅड आणि बारीक पेस्ट घेऊन आधी तळहाताएवढा तुकडा करून बघायचा, तो जमला की बाकीची. ओरखड्यात थेंबाथेंबाने रंग भरून वाळू द्यायचा आणि सपाट घासायचा. बाजारात कुणाला देऊ नको. ते चऱ्यांत तेल भरतात, गाडी चार दिवस झळकते आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडं पडतं.

आता दुसरं. हे बसून वाच.

दाराच्या खालच्या भागाला कंबर आड आली, मान्य. पण बॉनेटच्या जवळच्या पट्टीसाठी वाकावं लागत नाही. ती तर हाताशीच असते. जो माणूस टेबल उलटं करून खालूनही पॉलिश करायचा आणि विचारलं तर मुंग्यांना दिसतं म्हणायचा, तो हाताशी असलेली कड सोडेल का? ती पट्टी, कप, पायरी, तो बुटका दगड, सगळं नजरेच्या खालच्या बाजूला आहे. मामी, मला वाटतं मामाला समोरचं दिसतंय आणि खालचं दिसत नाहीये.

मी डॉक्टर नाही, चूक निघाले तर पोटभर हसा. पण डोळे दाखवल्याशिवाय त्याला गाडी चालवू देऊ नको. आणि हे त्याच्यापासून लपवू नको. मी लिहिलंय म्हणून सांग. रागावायचं तर माझ्यावर रागावू दे, लांब आहे मी.

काळजीत, पण तुमचीच,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, दोघांचे.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, फराट्यांसकट. भडकले. कालची पोर मला डोळे शिकवते म्हणाले. मी त्यांना समोर बसवलं, माझ्या नाकाकडे बघा म्हटलं, आणि त्यांचाच पॉलिशचा बोळा कमरेपाशी धरून विचारलं, माझ्या हातात काय आहे. हसून म्हणाले, काही नाही, माझं पाकीट नसलं की तुझे हात रिकामेच असतात. मी हसले नाही. तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि बोळा पाहिला.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू आहे. आतला दाब गुपचूप नजर कडेकडेने कुरतडत होता. समोरची अक्षरं दिसतात, म्हणून कळलं नाही. गेलं ते परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेलं राखता येईल. आणखी उशीर झाला असता तर मधलीही नजर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवणं बंद.

घरी आल्यावर हे गाडीत जाऊन बसले, चालकाच्या जागेवर, किल्लीशिवाय. मी शेजारी बसले. स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाले, पोरीने बॉनेट बरोबर वाचलं, मलाही नसतं जमलं. मग किल्ली माझ्या हातात दिली. माझं लायसन्स आहे हे तुला माहीत नसेल. लायसन्स आहे, धीर नाही. मोकळ्या मैदानात धीर शिकते आहे. यायला थोडा उशीर होईल.

तुझ्या डोळ्यांना माझे ओंजळभर आशीर्वाद, कुणाची नजर न लागो.
मामी

३० मार्च

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, मामीसारखा समास जमत नाही. सुखरूप घरी पोचलो. तुझ्या मामीने सगळा रस्ता गाडी चालवली. सायकलवाले पुढे गेले, पण कुठे खरचटलं नाही.

आज गाडी उन्हात लावली. मामी म्हणते एकही फराटा नाही. मागेही ती छान म्हणाली होती, म्हणून मी तळहात फिरवून बघितला. ओरखडा कुठे होता ते माझ्या नखालाही सापडलं नाही. मी लाकडात असं काम क्वचित केलंय. हे तोंडावर म्हणणं जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या वर्कशॉपात सगळी गाडी तू केलीस, पण बॉनेटची जवळची पट्टी माझ्यासाठी ठेवलीस. मशीन माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, मान खाली घाल मामा. घातली, तर दिसली. इतकी साधी गोष्ट आहे, ती आता रोज करायची आहे. जमेल.
मामा

ता. क. कागदाची खालची जागा ह्यांनी कोरी सोडली आहे. मान खाली घालायला विसरले. मला लिहायला आयती पट्टी मिळाली. फाटकाजवळचा दगड काढू का विचारलं, तर म्हणाले राहू दे, पांढरा रंग मारू, तुलाच उपयोगी पडेल. आता थेंब घालायची वेळ झाली आहे. खुर्चीत मान वर करून माझी वाट बघत बसलेत. जाते.
मामी