सुजलेलं बोट आणि कासारवाडीचे उंबरे

प्रिय परवीन,

तुला सलाम, मोईजला आणि तुझ्या सूनबाईला आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? वाकडच्या वरच्या मजल्यावर हवा छान असते, असं तू म्हणतेस. (आमच्याकडे हवा बेताची, माणसं भरपूर.)

माझ्या उजव्या हाताचं बोट फार सुजलं आहे. गोधडी शिवताना सुई रुतली. अंगुस्तान घातलं नव्हतं. शाळेत असते तर सिस्टर फिलोमिनांनी बाकावर उभं केलं असतं, आणि तू न सांगता शेजारी उभी राहिली असतीस. दवाखान्यात निघाले, पण आपल्या जुन्या गल्लीतून सरळ कोण जातं? गोजाबाईंनी उंबऱ्यातून हटकलं, "शालनबाई, आवं बोट दावा की." दाखवलं, सुटले. पुढच्या दारात पुन्हा तेच, चाल मंदावली. शेवटी सोजराबाईंनी मनगटच धरलं. "सुजल्यालं बोट घिऊन कुटं निगाला? आदी हळद लावू." अंग चोरून आत शिरले (दारामागे गव्हाची कोठी आहे, दार अर्धंच उघडतं). हळद, चहा, पोहे, जावेच्या तक्रारी. बाहेर आले तर दवाखाना बंद.

संध्याकाळी सून मोनिका चाकणच्या प्रयोगशाळेतून आली. गल्लीतली हकिकत ऐकून, रागवायचं सोडून म्हणाली, "आई, तुमच्या बोटात आत्ता हेच चाललंय." रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणे भरधाव वाहत असतात. जखमेजवळ रक्तवाहिनीची भिंत आतून चिकट होते. सिलेक्टिन नावाचे रेणू पेशीला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. ती घरंगळत मंदावते. (गोजाबाई.) मग भिंतीकडून जखमेची खबर लागली की पेशीचे स्वतःचे इंटिग्रिन घट्ट पकड घेतात. (सोजराबाई. फक्त इथे मनगट पाहुणाच धरतो, असं मोनिकाने बजावलं.) मग ती चपटी होऊन फटीतून जखमेपर्यंत जाते. (गव्हाची कोठी.)

पू म्हणजे बहुतेक याच मेलेल्या पेशी. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांना तो काढू देववेना. एवढ्या लांबून आल्या, माझ्यासाठी गेल्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, शोकसभा नंतर घ्या, आधी बोट पुढे करा."

तुझ्या इमारतीत आले होते तेव्हा खालपासून वरपर्यंत मला कोणी हटकलं नाही. सगळी दारं बंद, गुळगुळीत. परवा फोनवर म्हणालीस, दिवसभर बोलायला कोणी नसतं. आणि लगेच गुडघ्यांवर घसरलीस.

तुझी,
शालन

ता. क. राहायला ये. मोईजला सांग, शालनचं बोट गंभीर आहे, तिला भातही कालवता येत नाही.

आणखी ता. क. मोईजला हे पत्र दाखवू नकोस. एवढं लांबलचक कोणत्या बोटांनी लिहिलं, ते त्याला कळेल. सूज केव्हाच उतरली. पण मोनिका म्हणते, सूज उतरली की भिंतीचा चिकटपणा जातो, मग कोणी थांबत नाही. म्हणून सूज आहे असं धरून ये. सोजराबाईंच्या कानावर तुझे गुडघे घातले आहेत. त्या कोठी हलवून घेतायत.